अवस्थाबाई आणि सत्ताविसावा प्रश्न

दोन हजार सहा साल होतं आणि मी एकोणसाठ वर्षांचा होतो. हे एकोणसाठ माझे नव्हेत, बाईंनी काढून दिलेले आहेत. त्याआधी कोणी वय विचारलं तर मी "असंन पन्नास-साठ" म्हणायचो आणि विचारणाऱ्याचं तेवढ्यात भागायचं. बाईंचं भागलं नाही.

"आई काय सांगायची तुमच्या जन्माचं?" त्यांनी विचारलं.

"पाऊस पडून राह्यला होता म्हणे."

"किती?"

"आता थे मले कसं ठाऊक, बाई? मी आत होतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'पाऊस'. मग तीन दिवस गावातल्या म्हाताऱ्यांच्या दारात लोखंडी घडीची खुर्ची टाकून बसल्या. आमच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, कारूबाई नावाची एक म्हातारी होती, गावातलं सगळ्यात जुनं खोड. तिनं सांगितलं की दसरू, म्हणजे मी, जन्मला तेव्हा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, उरकत आला होता, दोनच बांध्या राहिल्या होत्या, आदल्या दिवशी मंगळवारचा बाजार होता, आणि बांबूला फूल येऊन गेल्याला ते तिसरं साल होतं. बाईंनी या सगळ्याचा गुणाकार-भागाकार केला आणि चौथ्या दिवशी माझ्या आंगणात येऊन निकाल दिला.

"सात ऑगस्ट, एकोणीसशे सेहेचाळीस. बुधवार."

"आन मी नाई मानत म्हटलं तर?"

"तर तुमची अवस्था सापडली," बाई म्हणाल्या. "दुसरी."

बाईंचं नाव सुमतीबाई. चांद्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आमचं गाव कुरखेड्याहून आत, बस जिथून परत फिरते तिथलं. या गावात त्या चाळीस माणसं निवडायला आल्या होत्या. जन्मापासून मरेपर्यंत माणूस मनानं कसा वाढतो याचा अभ्यास होता. दरसाल धान मळून झालं की यायचं आणि त्याच चाळीस माणसांना तेच चाळीस प्रश्न विचारायचे. गावानं दोन दिवसांत त्यांचं नाव अवस्थाबाई ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं आहे. लक्षात राहील."

त्यांच्या हिशेबात माणसाच्या आठ अवस्था. पहिलीत लेकरू आईवर भरवसा ठेवायला शिकतं. दुसरीत, म्हणजे दोन-तीन वर्षांचं झालं की, 'माझं मी करीन' म्हणायला शिकतं. असं चढत चढत सहावीत जोडीदाराशी जवळीक, सातवीत आपल्या मागच्यांसाठी काही करणं, आणि आठवीत मागं वळून पाहणं. मागं पाहून समाधान वाटलं तर आठवी पार. नाही वाटलं तर माणूस आतून कडू होतो आणि तसाच जातो. अंगानं माणूस कुठंही पोचला तरी मनानं तो वाटेत कुठंही अडकून बसतो, हा त्यांचा सिद्धांत. मी एकोणसाठ वर्षांचा बाप्या दोन वर्षांच्या लेकरात अडकलो होतो.

हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. पण आमच्या घराची भिंत बांबूच्या तट्ट्याची आणि तट्ट्याच्या पलीकडे माझी बायको बनाबाई चुलीपाशी. त्या दिवसापासून मी काही हट्ट केला की बना म्हणायची, "घ्या वो याले कडेवर कोणी. दोन सालाचं पोट्टं हाये."

बाईंना घरं दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या आल्या त्या दिवशी पिंपळाखाली मी एकटाच रिकामा होतो. मी आधीच सांगून टाकलं, रस्ता दाखवीन, खुर्ची उचलणार नाही. त्यांनी कधी उचलायला सांगितलीही नाही. पन्नाशीची बाई, डोक्यावर खुर्ची, खांद्याला फॉर्मांची पिशवी, पायात कापडी बूट, आणि पुढं मी हात हलवत. लोक हसायचे. बाजेवर त्या कधी बसल्या नाहीत. "बाजेवर बसलं की मी पाहुणी होते," म्हणायच्या, "आणि पाहुण्याला माणूस चांगलं चांगलं सांगतो."

गावातल्या म्हाताऱ्यांना गोंडी सोडून दुसरं येत नव्हतं. तिथं दुभाषा मीच. बाई दोन मिनिटांचा प्रश्न विचारायच्या: आयुष्यात आपण जे निर्णय घेतले त्यांच्याकडे आज पाहताना आपल्याला काय वाटतं, वगैरे. मी कारूबाईला तीन शब्दांत विचारायचो.

"एवढंच?" बाई संशयानं बघायच्या.

"बाकीचं तिले समजलं जी."

कारूबाई मात्र अर्धा तास बोलायची. मी बाईंना सांगायचो, "हो म्हणते."

हे पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी बाई गोंडी शिकून आल्या आणि माझी चोरी पकडली गेली. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दसरूभाऊ, कारूबाई नदीत वाहून गेलेल्या त्यांच्या मुलीबद्दल बोलत होत्या. मागच्या वर्षी पण." मी खाली पाहिलं. ती पोरगी सगळ्या गावाला ठाऊक होती. मला वाटलं होतं, कशाला बाहेरच्या बाईला सांगा.

त्यांना प्रश्न विचारायचा नाद इतका की जागा-वेळ काही पाहायच्या नाहीत. बसच्या कंडक्टरला तिकीट घेता घेता विचारलं, "लहानपणी कधी गर्दीत हरवला होतात का तुम्ही?" कंडक्टर म्हणाला, "मॅडम, सुटे द्या." एका लग्नात नवरदेवाला बाजूला घेऊन काही विचारलं, तर तो अक्षता पडेपर्यंत गप्प होता. एकदा आम्ही नाल्यातून येत होतो. ओल्या रेतीत वाघाचे पंजे, ताजे, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मी बाईंचा हात धरून उभा राहिलो. झुडपात काहीतरी हललं. बाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "आत्ता नेमकं काय वाटतंय, दसरूभाऊ? भीती, की मला तुमची भीती दिसेल याची लाज?"

"चूप बसा जी!"

जनावर गेलं. घरी आल्यावर त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, काय लिहिलं. म्हणाल्या, "उत्तर टाळलं."

पुढं सगळ्यांची आधार कार्डं आली. त्या वर्षी मात्र बाई खरंच चिडल्या. कार्ड काढणाऱ्यानं ज्याला तारीख नाही त्याला एक जानेवारी ठोकून दिली होती. अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. सासू एक जानेवारी, सून एक जानेवारी. बाई एकेकाचं कार्ड बघत जायच्या आणि त्यांचा चेहरा लाल होत जायचा.

"मी इतकी वर्षं तारखा काढल्या त्या कशाला?"

"कार्डानं काय फरक पडते, बाई?" मी म्हटलं.

"जन्माला आलात तो दिवस तुमचा एकट्याचा असतो. तेवढी एक गोष्ट तरी सरकारनं सगळ्यांना मिळून देऊ नये."

त्यांचा एक नियम होता. एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही. आई-बापाचं लेकराला नाही, नवऱ्याचं बायकोला नाही. बना दरसाल प्रयत्न करायची. चहा द्यायची, चारोळ्या द्यायची आणि हळूच विचारायची, "माह्याबद्दल काय बोलला वो थो?"

"बनाबाई," बाई म्हणायच्या, "तुमच्याबद्दल ते काय बोलले ते मी त्यांनासुद्धा परत सांगत नाही."

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो मला. कारण चाळिसांत माझा धाकटा भाऊ सोमा पण होता.

सोमाचं घर माझ्या घरासमोर. मधी रस्ता, आठ पावलांचा. त्या आठ पावलांवरून आम्ही तीस वर्षं एकमेकांशी बोललो नाही. का, ते गावात सगळे वेगवेगळं सांगायचे. खरं मला एकट्याला ठाऊक होतं. मरताना आमच्या बापानं मला जवळ बोलावून सांगितलं, की बांधावरची मोहाची दोन झाडं तुझी, आणि बोडीवरचा, म्हणजे लहान तळ्याच्या काठचा, मोठा मोह सोमाचा. तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. आमच्याकडे रीत अशी, की फुलं पडायच्या आधी मोहाखालचा पाला झाडून जागा साफ करायची. ज्यानं जागा झाडली त्यानं झाड आपलं म्हटलं. त्या वर्षी सोमा तापानं पडला होता. बोडीवरचा मोह गावात सगळ्यात जास्त फुलायचा. मी झाडू घेऊन गेलो आणि झाडाखालची जागा झाडून टाकली. बापानं मला दिला, असं सांगितलं.

सोमा बरा झाल्यावर झाडू घेऊन बोडीवर आला. झाडलेली जागा पाहिली. माझ्याकडे पाहिलं. आणि उलटा फिरला. तो भांडला असता तर मी सोडलं असतं. पंचायत बसवली असती तर निदान ओरडायला तरी मिळालं असतं. तो काहीच बोलला नाही, म्हणून मी पण बोललो नाही. त्याला बापाचं बोलणं ठाऊक होतं का, हे मला कधी कळलं नाही. ठाऊक नसेल तर तो फक्त रुसला होता. ठाऊक असेल तर तो तीस वर्षं समोरच्या ओसरीवर बसून एका चोराला बघत होता. या दोन्हींत फार फरक आहे.

बाईंचा सत्ताविसावा प्रश्न असा होता: 'कोणाशी काही बोलायचं राहून गेलं आहे का?'

पहिल्या वर्षी मी म्हटलं, "पुढचा विचारा."

"मी थांबते," बाई म्हणाल्या.

हे त्यांचं हत्यार होतं. मांडीवर हात ठेवून, खुर्चीत ताठ, डोळे माणसावर. बाकी गाव या थांबण्यापुढं विरघळायचं. भले भले रडले त्या खुर्चीसमोर. पण मी दुसऱ्या अवस्थेतला. त्या वीस मिनिटं थांबल्या, मी वीस मिनिटं बांबू सोलत बसलो. मग त्यांनी काहीतरी लिहिलं आणि अठ्ठाविसावा विचारला.

असं दरसाल. आणि माझ्याकडून उठून त्या खुर्ची डोक्यावर घ्यायच्या, आठ पावलं चालून सोमाच्या ओसरीवर टाकायच्या आणि त्याला तेच चाळीस प्रश्न विचारायच्या. मी तट्ट्याच्या फटीतून पाहायचो. सत्ताविसावा कधी येतो ते मला अंदाजानं कळायचं. सोमाचे ओठ हलायचे की नाही, ते मधी बाईंची पाठ यायची म्हणून दिसायचं नाही.

एका वर्षी मी बाईंना नाल्यापर्यंत पोचवताना विचारलंच. "सोमानं त्या प्रश्नाले काय सांगतलं?"

"एकाचं दुसऱ्याला नाही."

"म्या आजवर तुमाले काही मागतलं का, बाई? एवढंच सांगा. काही बोलला का नाई बोलला?"

"दसरूभाऊ, त्यांचं घर कुठं आहे ते तुम्हीच मला दाखवलंत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाट ठाऊक आहे."

मी तिथूनच परत फिरलो. त्या दिवशी त्या एकट्या बसपर्यंत गेल्या.

वर्षं जात राहिली. चाळिसांतली माणसं कमी होत गेली. कारूबाई गेली. तिच्या मागोमाग एका थंडीत तिघं गेले. कोणी आंध्रात मिरच्या तोडायला गेले ते तिथंच मातीला मिळाले. बाईंचे केस पांढरे झाले, गुडघे वाजायला लागले, कॉलेजातून त्या निवृत्त झाल्या. खुर्ची मात्र स्वतःच उचलायच्या. पिशवी हलकी होत चालली होती, कारण फॉर्म कमी होत चालले होते. शेवटी तेरा-चौदा उरलो. तेवढ्यांसाठी ही बाई दिवसभर बसचे धक्के खात येते याचं आम्हाला नवल वाटायचं नाही. सरकारी काम असेल, वरून हुकूम असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या साली पोळा झाला आणि सोमा गेला. सकाळी बैलाला पाणी दाखवायला उठला आणि तिथंच बसला. मी आठ पावलं गेलो. थोरला भाऊ म्हणून सगळं मीच केलं. लोक म्हणाले, दसरूनं नीट केलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला ठाऊक होतं का, ते त्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात एकच बसलं. कुठं लिहिलेलं असेल तर ते बाईंच्या पिशवीत. एकोणीस वर्षांचे एकोणीस फॉर्म. मेलेल्या माणसाला कसला नियम? या खेपेला बाई आल्या की ते घेतल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

त्या खेपेला बाई आल्याच नाहीत.

धान मळून झालं. माघ गेला. होळी आली. मोहाला कळ्यांची कुची धरली, फुलं टपकायला लागली. मी रोज बसच्या वेळी पिंपळाखाली जाऊन बसायचो. बना म्हणाली, "वाट पाहून राह्यला का बाईची?"

"मी कायले पाहू? बसलो आपला."

"मंग बसूनच राह्य. नाई तं चांद्याले जाय. पाय हायेत ना?"

बाईंनी मागं कधीतरी पाठवलेल्या एका पोस्टकार्डावर त्यांचा पत्ता होता. मी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षर अक्षर जोडून वाचतो, पण वाचतो. पहाटेची बस धरली, गडचिरोलीला बदलली आणि दुपारी चांद्यात त्यांच्या गल्लीत पोचलो.

दार वाजवलं. आत काहीतरी फरफटल्याचा आवाज येत राहिला, फार वेळ. दार उघडलं तर बाई. हातात चार पायांची लोखंडी काठी, तिच्यावर सगळा भार.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "या. पण फॉर्मचा महिना तर गेला."

"तुमी नाई आल्या."

"न्हाणीत पडले. खुब्याचं हाड. आता बसमध्ये चढता येणार नाही, म्हणतात."

घर दोन खोल्यांचं. स्वच्छ, आणि इतकं गप्प की मला माझ्या चपलांचा आवाज जड वाटला. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, एकावर एक. एक बाज, एक टेबल, एक ताट. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"सोमा गेला."

बाई उभ्याच राहिल्या. "केव्हा?"

"पोळ्याच्या पाठीवर."

काठी फरफटत भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या. पानं उलटून नोव्हेंबर काढला. तिथं एका तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं 'सोमा' लिहिलेलं होतं. बाईंनी टेबलावरचं पेन घेतलं आणि त्याच अक्षरांवरून हळूहळू गिरवलं.

मी जवळ गेलो. पानं उलटून पाहिली. सगळीकडे आमचं गाव. फेब्रुवारीत कोणी, जूनमध्ये कोणी. सात ऑगस्टला मी, पेन्सिलीत. बना डिसेंबरात. चाळीसच्या चाळीस.

"हे काय होय, बाई?"

"तुमच्या तारखा. जिवंत माणसाची पेन्सिलीनं लिहिते. काही नवीन कळलं, तर दिवस बदलावा लागतो. गेलेल्याची पेननं."

चुलीवर कढई होती. घरात तुपाचा वास होता. मी तिकडे पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"शिरा आहे. आज कारूबाईचा दिवस."

"कारूबाईले जाऊन नऊ साल झाले, बाई."

"तारीख आहे ना पण."

चाळीस माणसांचे चाळीस दिवस ही बाई या घरात एकटी शिरा करत होती. आम्हाला आमच्या तारखा कधी आठवल्या नाहीत. सात ऑगस्टला मी दरसाल चिखलात असायचो आणि इथं माझ्या नावानं तूप तापायचं.

मी विचारलं, "तुमच्या साहेबाले ठाऊक हाये का, तुमी पडल्या म्हणून? आता गावात कोण येईन?"

"कोणते साहेब?" बाई खुर्चीत बसल्या. तीच खुर्ची. "अभ्यास पाचव्या वर्षीच बंद झाला, दसरूभाऊ. तो चालवणारे मोठे सर वारले. कागद कोणाला नको होते."

"मंग चौदा साल तुमी कायले येत होत्या?"

बाईंनी पदराचं टोक नीट केलं. मी बसून राहिलो, घाई केली नाही.

"सातव्या अवस्थेत माणसाला मागं कोणी तरी लागतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मला चाळीस मिळाले होते. अभ्यास बंद झाला म्हणून त्यांना कसं सोडू?"

मी खाली पाहिलं. पण मी ज्यासाठी आलो होतो ते विसरलो नव्हतो.

"बाई, सोमाचे फॉर्म द्या."

"नाही."

"मेला थो!"

"म्हणून तर. आता ते स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाहीत."

मी ओरडलो. ओरडायचं नव्हतं, पण ओरडलो. म्हटलं, मी सख्खा भाऊ आहे, तुम्ही कोण? त्याला ठाऊक होतं की नाही, एवढं एक कळल्याशिवाय मी मरू कसा? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग काठीनं एका पेटीकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"त्यांचं नाही. तुमचं दाखवते. तुमच्यावर तुमचा हक्क आहे."

पेटीत सुतळीनं बांधलेले माझे एकोणीस फॉर्म होते. त्यांनी सत्ताविसाव्या प्रश्नाची पानं काढून माझ्यासमोर ठेवली. मी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. पहिल्या वर्षाचं: 'उत्तर नाही. भावाच्या घराकडे पाहिलं.' दुसऱ्या वर्षाचं: 'उत्तर नाही. भावाच्या घराकडे पाहिलं.' तिसऱ्याचं तेच. एका वर्षी: 'उत्तर नाही. भावाच्या घराकडे दोनदा पाहिलं. बांबू सोलताना बोट कापलं, कळलं नाही.' शेवटच्या वर्षी: 'उत्तर नाही. भावाच्या घराकडे पाहिलं. भाऊही पाहत होते.'

मी ते शेवटचं पान किती वेळ धरून बसलो, सांगता येत नाही. मला वाटत आलं होतं की मी एकोणीस वर्षं गप्प होतो.

मग मी सांगितलं. बापाचं बोलणं, सोमाचा ताप, झाडू, सगळं. बाईंनी नवा फॉर्म काढला आणि लिहिलं. मधी काही विचारलं नाही. लिहून झाल्यावर मला वाटलं, आता अवस्था सांगतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं, एका वाटीत शिरा काढला आणि माझ्यापुढं सरकवला. "कारूबाईचा आहे. खा." दुसरी वाटी त्यांनी स्वतः घेतली. आम्ही दोघांनी खाल्लं. पाणी पिऊन मी शेवटच्या बसनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, मी आठ पावलं चालून सोमाच्या दारात गेलो. सोमाची बायको रायबाई आंगणात बकरी सोडत होती. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पाठ केली.

मी तिच्या पाठीला म्हटलं, "बोडीवरचा मोह तुमचा हाये. बाबानं सोमाले देल्ला होता. म्या खोटं सांगतलं."

मग रायबाईनं बकरीच्या कानाशी तोंड नेलं आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बकरीला म्हणाली, "सांग वो त्याईले, घरात ठाऊक होतं म्हणा. पह्यल्या दिवसापासून. माहा माणूस म्हणे, दादाले सांगू दे, आपुन नाई बोलायचं."

तिनं भिंतीवरचं टोपलं काढून कमरेला लावलं आणि बोडीच्या वाटेला लागली. मी दहा हात अंतर ठेवून मागं गेलो. झाडाखाली रात्रभराची फुलं पडली होती, ओली, पिवळी. ती एका बाजूनं वेचत आली, मी दुसऱ्या बाजूनं. माझं टोपलं मी आणलं नव्हतं. ओंजळ भरली की मी तिच्या टोपल्यात टाकत होतो.